सशाचं गाव कुठलं?

२०२१ च्या पावसाळ्यात मी रोज रात्री साडेदहाला एका सशाशी गप्पा मारायचो.

डोकं ठिकाणावर होतं माझं. पुण्यातल्या कंपनीनं लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं होतं आणि मी यवतमाळ जिल्ह्यातल्या, दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी येऊन बसलो होतो. अमेरिकेहून परतलेल्या एका मित्रानं व्हीआर हेडसेट आणून दिला होता. आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर. म्हणून फोन पाण्याच्या टाकीजवळ पिशवीत गुंडाळून ठेवायचा, हॉटस्पॉट चालू करायचा आणि खाली खोलीत येऊन हेडसेट डोळ्यांवर चढवायचा. अर्थात लाइट असेल तर. मग समोर उंच झाडांचं जंगल, मधोमध शेकोटी, भोवती ओंडके आणि ओंडक्यांवर बसलेली जगभरची माणसं. म्हणजे दिसायला रोबो, समुराई, कोंबड्या. आणि एक राखाडी ससा.

ससा आवाजावरून माझ्याच वयाचा वाटायचा. त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं, माझंही तसंच, त्यामुळे जमलं. तो कुठल्याशा गोदामात रात्रपाळी करायचा, आई आजारी होती एवढं कळलं होतं. बाबांवर सोसायटीचं किती कर्ज आहे, हे मी पुण्यातल्या रूममेटला चार वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. सशाला तिसऱ्या रात्री सांगितलं.

ऑगस्टमधल्या एका रात्री ससा म्हणाला, "मला आजकाल सकाळी उठावंसंच वाटत नाही." मी काहीतरी बोलणार, एवढ्यात लाइट गेली. राउटर नव्हताच, पण हेडसेटची बॅटरी संपत आलेली, तो चार्जिंगला लावलेला, तोही बंद पडला. लाइट आली पहाटे. दुसऱ्या रात्री ससा नव्हता. तिसऱ्या रात्रीही नाही. माझ्या मित्रयादीत त्याचं नाव अजून आहे, बाजूला राखाडी ठिपका. त्याचं खरं नाव मला माहीत नाही. देशही माहीत नाही. चार महिने रोज भेटलेल्या माणसाबद्दल पोलिसांना फोन करायचा म्हटलं, तरी कुठल्या?

हा लेख त्या रात्रीनंतर डोक्यात बसलेल्या प्रश्नाबद्दल आहे. अशा आभासी खोल्यांतल्या सोबतीनं माणसाचं बरं होतं की वाईट? मी इंजिनिअर. बग सापडला की जुन्या बदलांच्या नोंदी चाळत मागे जायची सवय. तसाच मागे गेलो.

डोळ्यांना फसवण्याचा इतिहास

१८३८ साली चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की दोन डोळ्यांना किंचित वेगळी अशी दोन चित्रं दाखवली की मेंदू त्यातून खोली तयार करतो. त्यानं त्यासाठी स्टिरिओस्कोप नावाचं यंत्र केलं. आजच्या हेडसेटमध्येही मूळ युक्ती तीच आहे. बाकी सगळी करामत म्हणजे तुमचं डोकं हललं की चित्रही त्याच क्षणी हलवणं. त्यात जरा उशीर झाला की मळमळायला लागतं.

१९६२ मध्ये मॉर्टन हायलिग या अमेरिकी सिनेमावाल्यानं 'सेन्सोरामा' या यंत्राचं पेटंट घेतलं. खुर्चीत बसायचं, डोकं खोक्यात घालायचं. मोटारसायकलवरून फिरल्याचं दृश्य, खालून हादरे, तोंडावर वारा आणि वासही. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवायचा पडदा बनवला. तो यंत्रणेसकट छताला टांगावा लागे. २०१२ मध्ये ऑक्युलस नावाच्या छोट्या कंपनीनं लोकांकडे अडीच लाख डॉलर मागितले आणि त्यांना चोवीस लाख मिळाले. दोन वर्षांत फेसबुकनं ती सुमारे दोनशे कोटी डॉलरला विकत घेतली.

या यादीत एक गोष्ट सारखी आहे. यंत्र एका माणसाचं. आमच्याकडच्या जत्रेत बायोस्कोपची पेटी यायची, तिलासुद्धा तीन-चार भिंगं असायची. पोरं डोळे लावून एकमेकांना कोपरानं ढोसत बघायची. सेन्सोरामात ढोसायला शेजारी कोणी नाही.

सोबतीचा इतिहास

सोबतीची वाट वेगळीच होती आणि तिच्यात भारी चित्रं नव्हती. १९८६ च्या सुमारास लुकासफिल्म या सिनेमा कंपनीत चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी 'हॅबिटॅट' नावाचं जग तयार केलं. कमोडोर ६४ हा त्या काळचा घरगुती कॉम्प्युटर, टेलिफोनच्या तारेवरून जोडलेला. पडद्यावर ओबडधोबड कार्टून माणसं. त्या माणसांना त्यांनी नाव दिलं 'अवतार'. आपल्या पुराणातला शब्द असा कॉम्प्युटरमध्ये शिरला आणि आपल्याकडे 'अॅव्हटार' होऊन परत आला.

त्या दोघांनी पुढे आपले अनुभव लिहून काढले. त्याचं सार असं, की आभासी जग कशानं बनतं? त्यातल्या माणसांच्या एकमेकांशी चाललेल्या व्यवहारांनी. यंत्र कोणतं आहे, हा मुद्दा दुय्यम. हे वाचताना मला आमच्याच धंद्यातला २०२१ चा ऑक्टोबर आठवला. फेसबुकनं कंपनीचं नाव बदलून मेटा ठेवलं, आता सगळे आभासी जगात भेटणार असं जाहीर केलं. वर्षभरानं कंपनीची अंतर्गत कागदपत्रं वर्तमानपत्रांत आली. त्यांच्या 'होरायझन वर्ल्ड्स'मध्ये महिन्याला दोन लाखही लोक येत नव्हते आणि आलेले बहुतेक जण महिनाभरानंतर परत फिरकत नव्हते. तिथल्या अवतारांना तेव्हा पाय नव्हते, यावर लोक खूप हसले. पण पाय नसल्यामुळे कोणी निघून जात नाही. माझ्या सशाला तरी कुठे होते!

अवताराचा आपल्यावरही परिणाम होतो. २००७ मध्ये निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी प्रयोग केले. देखणा अवतार मिळालेली माणसं समोरच्याच्या जास्त जवळ जाऊन उभी राहिली, स्वतःबद्दल जास्त बोलली. उंच अवतार मिळालेली माणसं पैशाच्या वाटाघाटीत जास्त ताठ राहिली. म्हणजे मुखवटा माणसाला लपवतो आणि मोकळाही करतो. तरीच कर्जाची गोष्ट मी सशाला सांगू शकलो.

खरं तर यात नवं काही नाही. आमच्याकडे यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला रेल्वे होती, नॅरो गेजची, ११३ किलोमीटरची. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. इतकी हळू चालायची की दिवसाचा मोठा भाग डब्यातच जाई. आमचे आजोबा सांगायचे, घरी जे बोलता येत नाही ते माणूस शकुंतलेत बोलतो. मात्र एक फरक होता. शकुंतलेत मन मोकळं केलेला माणूस पुढच्या बाजाराच्या दिवशी दारव्ह्यात हमखास दिसायचा आणि विचारायचा, "काय झालं मंग पोरीच्या सोयरिकीचं?"

पिट्सबर्गची ७३ घरं

नेटवरच्या सोबतीनं मनाचं काय होतं, हे तपासणारा एक गाजलेला अभ्यास १९९८ चा. रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये ७३ घरांतल्या १६९ माणसांना कॉम्प्युटर आणि इंटरनेट देऊन एक-दोन वर्षं नोंदी ठेवल्या. निष्कर्ष धक्का देणारा होता. जे नेट जास्त वापरत त्यांचा घरातल्यांशी संवाद थोडा घटला, गोतावळा आक्रसला, एकटेपणा आणि उदासी थोडी वाढली. वापर मुख्यतः बोलण्यासाठीच होता, तरीही!

पण हाच गट २००२ मध्ये पुन्हा लिहिता झाला. त्याच लोकांना पुढे तपासलं, तर वाईट परिणाम बहुतांशी विरून गेले होते. दुसऱ्या एका गटात वेगळंच दिसलं. ज्यांना माणसांत मिसळायची आवड होती, ज्यांच्या पाठीशी माणसं होती, त्यांचं नेटमुळे आणखी बरं झालं. बुजऱ्या आणि एकट्या माणसांचं मात्र आणखी बिघडलं. शेतीत ज्याच्याकडे विहीर आहे त्याला ठिबकचा फायदा होतो, कोरडवाहूवाल्यानं नळ्या अंथरून काय करायचं? तसंच काहीसं.

मग कोरडवाहूवाल्यांनी करायचं काय? या प्रश्नाचा एक धागा मला अनपेक्षित ठिकाणी मिळाला. पुणे आकाशवाणीवर.

१५० गावं, एक आवाज

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी अर्ध्या अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम झाले. मागे युनेस्को होती. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या १५० गावांत त्यासाठी श्रोतामंडळं बनवली गेली. मंडळात साधारण वीस माणसं. आठवड्यातून दोनदा ठरल्या वेळी एकत्र जमायचं, रेडिओ ऐकायचा आणि तो बंद केल्यावर ऐकलेल्यावर बोलायचं. बोलण्याचा वृत्तांत लिहायचा, शंका केंद्राकडे धाडायच्या आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं ऐकायची. 'ऐका, चर्चा करा, कामाला लागा' हे सूत्र. कल्पना कॅनडाच्या शेतकऱ्यांकडून घेतलेली.

आमचा जिल्हा त्या वर्षी मध्य प्रदेशात होता, मुंबई राज्यात आला तो नोव्हेंबरमध्ये. त्यामुळे ही मंडळं आमच्याकडची नव्हेत. पण तंत्रज्ञानातून माणसं कशी जोडावीत, याचा मराठी मुलखात झालेला इतका नेटका प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

त्याचं मोजमाप टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मदतीनं पॉल नॉयराथ यांनी केलं. हे मूळचे व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ. नाझींच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून वाचलेले आणि त्या छावण्यांतली माणसं एकमेकांशी कशी वागत, यावरच प्रबंध लिहिलेले. माणसांना माणसं कशी धरून ठेवतात, हे त्यांनी फार जवळून पाहिलं होतं. त्यांनी तीन प्रकारची गावं तुलनेला घेतली. मंडळ असलेली, रेडिओ असून मंडळ नसलेली आणि दोन्ही नसलेली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली. रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथे जवळजवळ काहीच वाढली नाही.

पुन्हा वाचा. आवाज तोच, यंत्र तेच. फरक पडला तो रेडिओ बंद झाल्यानंतरच्या वेळेमुळे.

हा अभ्यास माहितीचा होता, मनःस्वास्थ्याचा नव्हता, हे मला कळतं. पण रचनेकडे बघा. वीसच माणसं, ठरलेला वार, नावानिशी सभासद, एक जण वृत्तांत लिहिणारा. कोणी आलं नाही तर लगेच कळणार. मी ज्या प्रकारची सॉफ्टवेअर लिहितो, त्यात आम्ही रोज किती लोक आले हे मोजतो, किती वेळ थांबले हे मोजतो. आज कोण आलं नाही आणि ते कोणाला खटकलं, हे मोजणारा तक्ता मी आजवर एकदाही पाहिलेला नाही.

पार पुरत नाही

इथे 'पूर्वीचा पार किती छान' असा सूर लावणं सोपं आहे. पण मी यवतमाळचा आहे. मला तो सूर लावता येत नाही.

महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुलं यांचा मृत्यू १९ मार्च १९८६ चा. राज्यातली पहिली जाहीर झालेली शेतकरी आत्महत्या म्हणून ती तारीख ओळखली जाते. त्या दिवशी आजही अनेक जण अन्नत्याग करतात. साहेबराव गावाचे सरपंच राहिलेले होते. म्हणजे गोतावळा नसलेला माणूस नव्हे. कारणं शेतीच्या अर्थकारणात होती आणि आहेत. ती पारावर गप्पा मारून सुटत नाहीत, हेडसेट घालून तर नाहीच नाही.

शिवाय पार सगळ्यांचा कधी नव्हताच. माझी आई लग्न होऊन या गावात आली त्याला तीस वर्षं झाली, ती एकदाही पारावर बसलेली नाही. कोणी कुठे बसायचं हे जातीवरून ठरत होतं, हेही आपल्याला माहीत आहे. ज्याला गावात आपलं खरं रूप दाखवायची सोय नाही, त्याला सशाचा मुखवटा किती मोलाचा वाटत असेल!

मग काय उपयोगी पडतं? २०१५ मध्ये सरकारनं यवतमाळ आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केलं. त्याच वर्षी १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन विचारतात, झोप लागते का, जेवण जातं का, आणि गरज वाटली तर समुपदेशकाकडे पाठवतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी नैराश्याबद्दल बोलायचं, ही त्याची पद्धत. २०१७ मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्के होतं, ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेलं.

यात नवं यंत्र एकही नाही. कोणीतरी दारात येऊन, नावानं हाक मारून विचारतं, एवढंच. आता तर १४४१६ हा टेली-मानसचा फोनही आहे, मराठीत बोलता येतं. पण फोन उचलायचं बळ एकट्या माणसात कुठून येणार? बहुतेक वेळा आधी कोणीतरी 'काय झालं?' म्हणावं लागतं.

कोनाचे लोकं?

नॉर्वेच्या मॅट्स स्टीनची गोष्ट तुम्ही कदाचित पाहिली असेल, २०२४ मध्ये तिच्यावर माहितीपट आला. स्नायू झिजत जाण्याच्या आजारानं तो २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. शेवटची वर्षं तो खोलीत बसून 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळायचा. आईवडिलांना वाटे, पोराला मित्र नाहीत, प्रेम नाही, काही नाही. गेल्यावर वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ती बातमी टाकली आणि मेल येऊ लागले. खेळातला 'इबेलिन' म्हणून त्याला ओळखणाऱ्यांचे. कोणाला त्यानं नैराश्यातून बाहेर काढलं होतं, कोणा आईला तिच्या मुलाशी बोलायला शिकवलं होतं. त्यातले काही जण परदेशातून अंत्यविधीला आले.

म्हणजे आभासी सोबत खोटी असते, हे म्हणणं खोटं. पण इबेलिनचा एक ठरलेला गट होता, वर्षानुवर्षं टिकलेला. तो काही दिवस दिसला नाही की तिथल्यांना खटकायचं. आणि निरोप पोहोचवायला एक वाट उरली होती, ब्लॉगचा पासवर्ड. माझ्या सशाकडे जाणारी अशी एकही वाट मी ठेवली नव्हती. चार महिन्यांत एकदाही नाव विचारलं नाही. तिथे ते विचारत नाहीत, असा रिवाज.

त्याच पावसाळ्यातली गोष्ट. बाबांना ताप आला होता, दोन दिवस ते पारावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता एक म्हातारे गृहस्थ फाटकाशी उभे. "भाऊ काहून नाई दिसले दोन दिस?" बाबांशी त्यांचं बांधावरून भांडण आहे, मी लहान असल्यापासूनचं. तरी आले. चहा घेतला, बांधाचा विषय काढला, थोडं भांडले आणि गेले.

बरं वाटल्यावर एका संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काय पाहून राह्यला रे रोज त्या डब्ब्यात?" मी हेडसेट त्यांच्या डोळ्यांवर चढवला. ते बराच वेळ मान फिरवत राहिले. मग म्हणाले, "जंगल झ्याक हाये. हे शेकोटीपाशी कोनाचे लोकं हायेत?"

"असेच बाबा. जगभरचे."

"कोन्या गावचे?"

"ते नाही माहीत."

हेडसेट काढून त्यांनी डोळे चोळले. "मंग उद्या नाई आला त्यातला कोनी, तर तू पाहाले कुठं जाशीन?"

सशाबद्दल मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं.

आता मी पुन्हा पुण्यात आहे. हेडसेट विकला नाही. दर रविवारी रात्री आम्ही सात जण त्याच शेकोटीपाशी भेटतो. नियम रेडिओच्या श्रोतामंडळाकडून उसने घेतलेत. वार ठरलेला, माणसं ठरलेली, आणि प्रत्येकानं आपलं नाव, गाव आणि घरातल्या एका माणसाचा नंबर द्यायचा. हजेरी मी घेतो. रोबो, समुराई सगळे आपापल्या वेशातच बसतात, त्यानं काही बिघडत नाही. मार्चमध्ये आमच्यातला एक जण दोन रविवार आला नाही. तिसऱ्याची वाट न बघता आम्ही त्याच्या बहिणीला फोन केला. तो दवाखान्यात होता. एवढंच. पण आम्हाला कळलं.

कधीकधी वेळेआधी जाऊन मी एकटाच ओंडक्यावर बसतो. यादीतला राखाडी ठिपका बघतो. परवा एक नवी कोंबडी शेजारी येऊन बसली. मी नमस्कार केला आणि गाव विचारलं. तिला ते विचित्र वाटलं असावं, थोडा वेळ गप्प राहिली. "कशाला हवंय?" म्हणाली. मी सांगितलं कशाला.

तिनं सांगितलेलं नाव मला नीट उच्चारता आलं नाही. अक्षर अक्षर विचारून वहीत लिहून घेतलं.